अंगात शिवलेलं कापड

२०१३ च्या लग्नसराईत मी माझ्या पायाच्या मशीनला मोटर बसवून घेतली. तोवर दहा वर्षं पेडल मारूनच शिवत होते. इचलकरंजीत आमच्या गल्लीत मागांचा खडखडाट दिवसरात्र चालू असतो, त्यात माझ्या मशीनचा आवाज कुणाला ऐकूही यायचा नाही, पण मला तो पायातून कळायचा. दिवसाला पाच ब्लाऊज सहज व्हायचे. त्या वर्षी मात्र एक बाही लावून होईपर्यंत दोन्ही पोटऱ्या भरून यायच्या, गोळा आल्यासारख्या कडक व्हायच्या. दोन मिनिटं पाय थांबवला की बरं वाटायचं, पुन्हा सुरू केलं की पुन्हा तेच. मी २७ वर्षांची होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मी पन्नाशीपर्यंत कांड्या भरल्या, तुला आत्तापासून मोटर?" मलाही वाटलं की अंगात ताकद नाही, खाणंपिणं नीट नाही. मोटर लावली आणि पोटऱ्यांचा विषय संपला असं समजले.

खरं तर दुखण्याची सुरुवात त्याच्याही दोन वर्षं आधीची. रोज संध्याकाळी कणकण यायची. मान दुखायची. मागून नाही, पुढून, गळ्याच्या दोन्ही बाजूंना, बोट ठेवलं तरी कळ यायची. वजन ५१ वरून ४३ वर आलं. ईएसआर, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ताची चाचणी, नव्वदीच्या घरात. छातीचा फोटो स्वच्छ, थुंकीत काही नाही, पण हातावरची टीबीची सुईची चाचणी चांगली फुगली. तेव्हा एका डॉक्टरांनी सहा महिने टीबीच्या गोळ्या दिल्या. त्यांचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे ताप, वजन घटणं आणि वाढलेला ईएसआर म्हटलं की पहिलं नाव टीबीचंच येतं, आणि माझ्या आजाराच्या पुष्कळ भारतीय रुग्णांत ती चाचणी अशीच फुगते हे मला पुढं कळलं. ताप गेलाही. पण तो गोळ्यांनी गेला नव्हता. आग आतून जळत जळत पुढं सरकली होती.

मग डावा हात. दोरीवर कपडे वाळत घालताना हात वर केला की मिनिटाभरात जड व्हायचा, खाली घ्यावा लागायचा. कटिंग करताना उजव्या हातात कात्री आणि डाव्यानं कापड ताणून धरायचं. तो डावा हात अस्तराच्या चार घड्या कापेपर्यंत दमायचा. चक्कर यायची, डोकं ठणकायचं. दवाखान्यात गेलं की बीपी बघायचे. खुर्ची भिंतीला लागून, मशीन डावीकडच्या टेबलावर, त्यामुळं पट्टा नेहमी डाव्या दंडालाच. ९०-६०, कधी ९६-६४. "बीपी लो आहे ताई, मीठ-साखरेचं पाणी घेत जा." मी दोन वर्षं मीठ-साखरेचं पाणी पीत होते. हे लिहिताना आजही माझ्या पोटात कालवतं. ज्या बाईचं रक्तदाब-यंत्र २०० च्या वर जायला हवं होतं, तिला रोज मीठ पाजलं जात होतं. आणि पाजणारी मीच.

२०१४ च्या श्रावणात एका रात्री मला आडवं पडवेना. उशा तीन केल्या तरी दम लागायचा. ह्यांनी रिक्षा आणली आणि आम्ही मिरजेला गेलो. रात्रपाळीला एक शिकाऊ डॉक्टर होती, माझ्याहून लहानच. तिनं सवयीनं डावं मनगट धरलं. बोटं सरकवली, परत धरलं, मग माझ्याकडे न बघता उजवं मनगट धरलं. ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मला आठवतो. उजव्या दंडाला पट्टा लावला. २२०-१३०. डाव्या हाताला १०४. मग मांडीला पट्टा लावला, तिथंही कमी. मग तिनं स्टेथो कानात घालून तो माझ्या गळ्याच्या हाडावर ठेवला, नंतर बेंबीच्या वर पोटावर, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. "ताई, तुमच्या पोटात सूं सूं आवाज येतोय," ती म्हणाली. "नळाचं तोंड बोटानं दाबलं की येतो ना, तसा."

माझ्या चार हातापायांपैकी फक्त उजवा हात खरं बोलत होता. बाकी तिघांकडे रक्तच नीट पोचत नव्हतं.

सीटी अँजिओग्राफीनंतर नाव कळलं: टाकायासु आर्टरायटिस. शरीराची स्वतःची संरक्षणयंत्रणाच महाधमनीच्या आणि तिच्या मोठ्या फांद्यांच्या भिंतीवर उलटते. भिंतीला सूज येते, ती जाड होते आणि आतली वाट बारीक होत जाते. कुठं कुठं उलट होतं, भिंत कमकुवत होऊन फुगते. बहुतेक करून तरुण बायकांना, चाळिशीच्या आत. १९०८ साली मिकितो टाकायासु या जपानी नेत्रतज्ज्ञानं एका तरुण बाईच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची गजऱ्यासारखी गोल गुंफण दिसल्याची नोंद छापली. तशाच रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नाही, हे त्याच्याच देशातल्या दुसऱ्या दोन डॉक्टरांनी, ओनिशी आणि कागोशिमा यांनी, लक्षात आणून दिलं. म्हणून याला नाडी नसलेला आजार असंही म्हणत. डोळ्यातला तो गजरा म्हणजे मुख्य रस्ता बंद पडल्यावर रक्तानं शोधलेल्या पाऊलवाटा.

जपानमध्ये हा आजार जास्त करून वरच्या फांद्या धरतो, मानेच्या आणि हातांच्या. आपल्याकडे पोटातली महाधमनी आणि किडनीच्या धमन्या जास्त सापडतात, म्हणून आपल्या रुग्णांत पहिली खूण बऱ्याचदा रक्तदाबाचीच असते. पोटातल्या या अरुंद होण्याला मिडल एऑर्टिक सिंड्रोम म्हणतात. त्या नावाचा लेख १९६३ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला तो मुंबईच्या केईएम रुग्णालयातून, डॉ. पी. के. सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. हेच ते सेन, ज्यांनी १९६८ च्या फेब्रुवारीत भारतातलं पहिलं हृदय-प्रत्यारोपण केलं. त्यांच्या सोबत पॅथॉलॉजीचे डॉ. किणारे होते, रक्तवाहिन्यांच्या भिंतींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघणारे. मी हे मोबाइलवर वाचलं तेव्हा मला फार आधार वाटला. आपल्या मुंबईत माझ्या जन्माच्या वीसेक वर्षं आधी कुणीतरी माझ्यासारख्या बायकांच्या महाधमन्या इतक्या बारकाईनं पाहिल्या होत्या.

माझं चित्र असं होतं. डाव्या हाताची धमनी पूर्ण बंद. छाती आणि पोट यांच्यामधल्या, श्वासाच्या पडद्याच्या खालून किडन्यांच्या पातळीपर्यंत महाधमनी आवळलेली, जिथं अंगठ्याएवढी हवी तिथं पेन्सिलीएवढी. डाव्या किडनीची धमनी नव्वद टक्के बंद. या आजाराचे पाच प्रकार करतात, माझा पाचवा, म्हणजे वरही आणि खालीही. डावी किडनी सव्वाआठ सेंटिमीटर, उजवी साडेदहा. रक्तदाब का चढतो ते समजावून सांगताना डॉक्टर म्हणाले, किडनीला वाटतं की सगळ्या शरीरातच रक्त कमी पडलंय. ती बिचारी आपलं काम चोख करते, रेनिन नावाचं द्रव्य रक्तात सोडते, आणि बाकीच्या शरीरातला दाब वाढवत राहते. पोटऱ्या का भरून येत होत्या, तेही त्याच दिवशी कळलं. मी दुकानातली मोटर आठवून तिथंच रडले.

आता ऑपरेशन करून टाका, असं ह्यांनी लगेच म्हटलं. डॉक्टर म्हणाले, आत्ता नाही. हे "आत्ता नाही" आम्ही तीन वर्षं ऐकलं.

कारण साधं आहे, पण ते मनाला पटायला वेळ लागतो. सुजलेल्या भिंतीला टाका धरत नाही. धरला तरी जोड परत आवळतो किंवा फुगतो. आग विझल्याशिवाय भिंत शिवायची नाही. त्यामुळं आधी गोळ्या. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम रोज, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, म्हणजे उलटलेली संरक्षणयंत्रणा शांत करणारी गोळी, दुसऱ्या दिवशी फॉलिक अॅसिड, आणि रक्तदाबाच्या पाच वेगवेगळ्या गोळ्या. दुसरं मूल हवं होतं आम्हाला. मेथोट्रेक्सेट चालू असताना तो विचारही करायचा नाही असं बजावून सांगितलं होतं. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. ती एकटीच राहिली. त्याबद्दल मी एवढंच लिहू शकते.

स्टेरॉइडनं माझं अंग बदललं. चेहरा गोल झाला, खांद्यांच्या मागं मांस चढलं, दंड बारीकच राहिले. मी स्वतःचे ब्लाऊज त्या काळात तीनदा उसवले. शिवताना आत माया सोडायची सवय माझ्या आईनं लावली होती, बाजूच्या शिलाईत दीड-दीड इंच. ती सगळी माया पहिल्या पाच महिन्यांत संपली. मग गोळी कमी होत गेली तसं पुन्हा आत घेतलं. छातीच्या शिलाईवर एकाशेजारी एक टाक्यांच्या तीन रांगा राहिल्या आहेत. तो मोरपंखी ब्लाऊज मी टाकला नाही.

२०१५ मध्ये फुग्यानं प्रयत्न झाला. जांघेतून बारीक नळी घालून डाव्या किडनीच्या धमनीत फुगा फुगवतात. त्यांनी आधीच सांगितलं होतं की टाकायासुची भिंत चरबीनं अडलेल्या म्हाताऱ्या धमनीसारखी नसते. ती चिवट असते, फुगा काढला की मागं येते, आणि वर्ष-दोन वर्षांत परत आवळायचं प्रमाण बरंच असतं. तरीही छोट्या अडथळ्याला आधी हेच करून बघतात, कारण पोट उघडावं लागत नाही. मला सात महिने छान गेले, रक्तदाबाच्या दोन गोळ्या सुटल्या. चौदाव्या महिन्यात सगळं पुन्हा तसंच. किडनी आणखी थोडी आकसली होती.

तेव्हा मुंबईच्या सर्जनांकडे पाठवलं. वयानं मोठे, कमी बोलणारे. त्यांनी सीटीच्या प्लेटा उजेडाला धरल्या आणि म्हणाले, "महाधमनीचा हा तुकडा मी दुरुस्त करणार नाही. तो तिथंच राहील. वरून चांगल्या जागेपासून खालच्या चांगल्या जागेपर्यंत बाजूनं दुसरी नळी टाकायची. आणि त्या नळीतून एक फांदी किडनीला." मग त्यांनी अट घातली: ईएसआर आणि सीआरपी (सुजेचीच दुसरी रक्तचाचणी) सहा महिने शांत, स्टेरॉइड दहाच्या खाली, मगच तारीख. नुसत्या ईएसआरवरही त्यांचा भरवसा नव्हता. रक्त शांत दिसत असताना भिंत धुमसत असते असं ते म्हणाले आणि पेट स्कॅन करून घेतला, त्यात सुजलेली जागा चमकते. भिंत कुठंही चमकली नाही तेव्हा २०१७ च्या नोव्हेंबरमधली तारीख मिळाली.

भेटीच्या शेवटी मी विचारलं, "नळी कसली असते?" त्यांनी खणातून एक पाकीट काढलं. मुदत संपलेला नमुना होता, शिकवायला ठेवलेला. आणि माझ्या हातात एक पांढरी, सुरकुत्या घातलेली, अॅकॉर्डियनसारखी लांबवता येणारी नळी दिली.

मी बोटांत घेतली आणि मला कळलं. हे कापड आहे.

"डॅक्रॉन," ते म्हणाले. "पॉलिएस्टर." मी ती ह्यांच्याकडे दिली. आमचे हे जॉबर आहेत, माग दुरुस्त करणारे, अठरा वर्षं मागांमध्ये गेली. त्यांनी सुरकुत्या ताणून नळी उजेडात धरली, एका टोकाशी नख घासलं आणि म्हणाले, "मागावरचं आहे. उभा-आडवा दोन्ही दिसतोय. होजिअरी असती तर आडवी ताणली असती." सर्जन पहिल्यांदा हसले. त्यांनी बाजूचा स्टूल ओढला आणि मग पुढची वीस मिनिटं ते आमच्याशी बोलत बसले, बाहेर रांग असताना.

त्यातलं मला जे उमगलं ते असं. नळ्या दोन तऱ्हेच्या: मागावर विणलेल्या आणि सुयांवर विणलेल्या. मागावरची घट्ट, रक्त कमी झिरपतं, ताणत नाही, पण कापली की कडेचे धागे निघतात. म्हणून ती कात्रीनं न कापता तापलेल्या टोकानं डागून कापतात, म्हणजे कड वितळून बसते. आम्ही पॉलिएस्टरच्या लेसचं टोक मेणबत्तीवर धरतो, तेच. सुयांवरची मऊ, टाका सहज जातो, पण सैल. पूर्वी नळी बसवण्याआधी रुग्णाच्याच रक्तात भिजवून ठेवायचे, रक्त गोठून भोकं बुजली की मग वापरायची. आता आधीच जिलेटिन नाहीतर कोलॅजेनचा लेप देऊन येतात. सुरकुत्या कशासाठी, तर नळी वाकली तरी मधेच मुडपून बंद पडू नये. माझ्यासाठी १६ मिलिमीटर व्यासाची. आणि किडनीच्या फांदीसाठी कापड नाही, तिथं बारीक वाहिनीला स्वतःच्या मांडीतली शीर बरी.

"डॅक्रॉनची पहिली नळी कुणी शिवली?" मी विचारलं. ह्यूस्टनचे डॉक्टर मायकेल डिबेकी, १९५० च्या दशकात. त्यांना आईनं लहानपणी शिवण शिकवलं होतं. दुकानात नायलॉन घ्यायला गेले, ते संपलं होतं, म्हणून तिथं असलेलं नवीन कापड डॅक्रॉन घेऊन आले आणि बायकोच्या शिलाई मशीनवर त्याच्या नळ्या शिवल्या. आणि त्याच्याही आधी, फ्रान्समधल्या लियोंमध्ये आलेक्सी कारेल. १८९४ साली तिथं राष्ट्राध्यक्ष कार्नो यांना भोसकलं, पोटातली मोठी शीर तुटली होती आणि ती शिवण्याची कला तेव्हा कुणाकडे नव्हती. कारेल शिवण शिकायला गेला तो एका भरतकाम करणाऱ्या बाईकडे. लियों रेशमाचं गाव. बारीक सुई, बारीक रेशमी दोरा. गोल वाहिनी गोल वाहिनीला जोडताना त्यानं आधी तीन ठिकाणी टाके घेऊन ते ताणले, म्हणजे गोलाचा त्रिकोण होतो आणि प्रत्येक बाजू सरळ शिवता येते. १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. मुंढ्याला बाही लावताना आम्ही काय करतो? खांद्याच्या शिलाईवर एक टाचणी, पुढं एक, मागं एक. गोलात गोल बसवायचा तर आधी तीन जागा पक्क्या करायच्या, नाहीतर एका बाजूला चुणी पडते. ज्या बाईकडे तो शिकला तिचं काम आणि माझं काम एकच. कुठल्याही शिलाई-क्लासमध्ये हे सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

निघताना मी म्हटलं, "सर, लांबीत थोडी माया ठेवा." ते म्हणाले, "श्वास घेताना पडदा वरखाली होतो, तेवढी ठेवावीच लागते."

संमतीचा कागद तीन पानी होता. पायातली ताकद जाऊ शकते, कारण मणक्याला रक्त देणाऱ्या वाहिन्या त्याच भागातून निघतात. किडनी बंद पडू शकते. नळीत जंतू शिरले तर ती काढावी लागू शकते. मृत्यू. ह्यांनी प्रत्येक ओळ वाचून मगच सही केली. मी वाचलं नाही. मी मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगचा झगा पुरा करून आले होते, हुक लावायचे राहिले होते, तेच डोक्यात होतं.

ऑपरेशन सात तास चाललं. मला उजव्या कुशीवर झोपवून डाव्या बरगड्यांमधून पोटापर्यंत चीर घेतली. छातीतल्या महाधमनीला बाजूनं अर्धाच चिमटा लावला, म्हणजे उरलेल्या अर्ध्यातून खाली रक्त चालू राहतं. नळीचं वरचं टोक तिथं, खालचं टोक किडन्यांच्या खाली. निळा प्रोलीन दोरा, दोन्ही टोकांना सुई, एकच सलग टाका फिरवत आणायचा. किडनीच्या जोडाचा दोरा केसाएवढा. हे सगळं मला नंतर सांगितलं. सर म्हणाले, "तुमची महाधमनी बाहेरून चामड्यासारखी जाड होती, सगळं आजूबाजूला चिकटलेलं. सोडवायलाच दोन तास गेले." आणि मग: "टाके चांगल्या जागी पडलेत." मला एवढंच ऐकायचं होतं.

आयसीयूतली पहिली रात्र तुकड्या-तुकड्यांत आठवते. तोंडात नळी, हात बांधलेले. कुणीतरी पायाशी उभं होतं. परिचारिका माझ्या पावलावर थंड जेल लावून पेनासारखं यंत्र धरत होती आणि त्यातून आवाज येत होता, फुस्स फुस्स, फुस्स फुस्स. दर तासाला डावा पाय, मग उजवा. मला आधी कळेना की हा कसला आवाज. नंतर तिनं यंत्र बाजूला ठेवलं आणि नुसती दोन बोटं पावलावर टेकवून दुसरीला म्हणाली, "आता हातालाच लागतीये बघ." पावलावरची नाडी. माझ्या पावलांना नाडी असते हे मला तोवर माहीतच नव्हतं.

अकराव्या दिवशी घरी. बरगड्यांची कळ तीन महिने टिकली, शिंक आली तर जीव जायचा. रक्तदाबाच्या पाच गोळ्यांची एक झाली. उजव्या हाताला १२८-८०. डावा हात त्यांनी मुद्दाम सोडून दिला. तिथं खांद्याभोवतीच्या छोट्या वाहिन्यांनी आपली वाट काढली आहे, काम भागतंय, तर उगाच अंगात आणखी एक जोड नको. मला ते पटलं. अजूनही दोरीवर कपडे घालताना मी डावा हात मधे एकदा खाली घेते. माझ्या फाइलीच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलंय: बीपी फक्त उजव्या हाताला. कुठल्याही दवाखान्यात गेले तरी मी आधी उजवी बाही वर करते.

आजार गेला का? लोक विचारतात, आणि ऑपरेशन झालं म्हटल्यावर गेलाच असणार असं धरून विचारतात. नाही. नळी फक्त रस्ता आहे. स्टेरॉइडची ५ मिलिग्रॅमची गोळी, मेथोट्रेक्सेट आणि अॅस्पिरिन चालूच आहे. जोडाच्या ठिकाणी कापड आणि धमनी जिथं मिळतात, तिथं वर्षांनंतरसुद्धा फुगवटा येऊ शकतो, आणि तो दुखत नाही, काही कळत नाही. म्हणून दर वर्षी स्कॅन. २०२१ मध्ये एकदा सीआरपी वर गेला होता, मानेत परत तीच जुनी कळ. गोळी वाढवली, चार महिन्यांत बसला. ते चार महिने मी रोज रात्री पोटावर हात ठेवून झोपायचे.

आता माझी एक सवय झाली आहे. दंडघेर घेताना टेप फिरवायच्या आधी मी हळूच मनगट धरते. एक हात, मग दुसरा. गिऱ्हाइकांना वाटतं माप चाललंय. मागच्या वर्षी साखरपुड्याचा ब्लाऊज घ्यायला एक मुलगी आली होती, एकवीस-बावीसची. मुंढ्याचं माप घेताना म्हणाली, "मावशी, हात खाली घेऊ का? दुखतोय." माझ्या काळजात धस्स झालं. दोन्ही मनगटं बघितली, दोन्ही चांगली टपटपत होती. तरी तिच्या आईला सांगितलं, दोन्ही हातांचं बीपी बघून या. बघून आल्या. दोन्हीकडे सारखं. रक्त कमी होतं, लोहाच्या गोळ्या दिल्या. सात-आठ वर्षांत मी किती मनगटं धरली असतील कुणास ठाऊक, हरवलेली नाडी एकदाही सापडली नाही. दर वेळी तितकंच बरं वाटतं.

ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी मी ह्यांना म्हटलं होतं, मोटर काढा. ते नाही म्हणाले. मी आणखी महिनाभर मागं लागले. एका रविवारी त्यांनी मोटर सोडवली, पट्टा नवीन घातला, पेडलच्या खटक्यात तेल सोडलं आणि स्वतः स्टूल घेऊन शेजारी बसले. मुलगी माझ्या पायाशी जमिनीवर बसली. मी अस्तराचा एक तुकडा घेतला आणि नुसतीच सरळ शिलाई मारत राहिले. बाहीएवढं झालं. मग दुसरी बाही. पोटऱ्या गरम झाल्या, भरून आल्या नाहीत. मुलीनं पावलावर बोटं ठेवली, तिला आयसीयूतल्या ताईनं जागा दाखवून ठेवली होती, आणि म्हणाली, "आई, हलवू नको ना, मोजू दे." मी थांबले, तिनं घड्याळ बघून मोजलं. ९२.

आता ती अकरावीला आहे. यंदाचा स्कॅन मार्चमध्ये आहे, त्याच आठवड्यात तिची परीक्षा, आणि त्याच्या आत गल्लीतल्या दोन लग्नांचे मिळून चौदा ब्लाऊज द्यायचे आहेत. नऊ कापून झालेत.